गाडी म्हातारी, त्यात हळू: इंजिन बदलाचं का तशीच ठेवाची?

दिवाळीला पुतण्या पुण्याहून आला, आमची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी कार घेऊन दारव्ह्याहून यवतमाळला गेला आणि संध्याकाळी तोंड पाडून परत आला. चढावर कापसाच्या ट्रॅक्टरनं त्याला ओव्हरटेक केलं म्हणे, आणि नुसतं ओव्हरटेक नाही, ट्रॉलीत गाठोड्यावर बसलेल्या पोट्ट्यांनी वरतून टाटा पण केला. "काका, हे काही खरं नाही. हिच्यात जिप्सीचं इंजिन टाकू, डिस्क ब्रेक टाकू, एसी टाकू, मग पाहा कशी पळते." तेव्हा मला पण ते पटलं. एका गॅरेजवाल्यानं हिशोब पण करून दिला, त्या पैशात एक जुनी चालती अल्टो आली असती, तरी मी तयार होतो.

थांबलो ते गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीमुळं. त्यानं बिडी विझवली आणि एवढंच म्हणाला, "भाऊ, गाडी जन्मानं हळू हाये का आजारानं, हे पाह्यलं का आधी?" मी पाहिलं नव्हतं. ज्यांच्या घरी बापाची, आजाची अशी एखादी गाडी टिनाच्या शेडमध्ये उभी आहे आणि घरातलं पोरगं इंजिन बदला म्हणून मागं लागलं आहे, त्यांनी पण बहुतेक पाहिलं नसेल, म्हणून हे सगळं लिहून राहिलो. मी मिस्त्री नाही, शेतकरी आहे, पण या भानगडीत दीड वर्ष घातलं.

आजार आधी काढा

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, कोरी होती तेव्हा ताकद ४० हॉर्सपॉवरच्या आसपास. अॅम्बेसेडरचं १४८९ सीसी डिझेल तर ३७ चंच, आणि गाडी टनाच्या वर वजनाची. आजची साधी अल्टो यांच्यापेक्षा ताकदवान आणि अंगानं हलकी. म्हणजे या गाड्या जन्मानंच संथ, त्यात त्यांचा काही दोष नाही. पण तुमच्या दारातली गाडी त्या ४० पैकी किती देऊन राहिली? २५ च देत असेल तर तुम्ही पद्मिनीला हळू म्हणून नाही राहिले, आजारी पद्मिनीला हळू म्हणून राहिले, आणि ताप आला म्हणून माणूसच बदलून टाकाचं ठरवून राहिले.

मग पाहायचं काय. सगळ्यात आधी एअर क्लीनर उघडा. हसू नका, माझ्या एअर क्लीनरमध्ये उंदरानं कापसाचं घर केलं होतं, सरकीसकट. जिथं घरात कापूस साठवतात तिथं हे होतेच. सायलेन्सरच्या नळीत पण काडी घालून पाहा, वर्षभर उभ्या गाडीत कुंभारीण माती भरून ठेवते आणि मग इंजिनचा श्वास दोन्हीकडून कोंडते.

मग एकाला आत बसवून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि तुम्ही बोनेट उघडून कार्बोरेटरचा थ्रॉटल पूर्ण उघडते का ते पाहा. माझा पाऊणच उघडत होता, कारण आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पायाखाली जाड रबरी मॅट टाकली होती आणि पेडल तिला टेकून थांबत होतं. म्हणजे कित्येक वर्षं आम्ही पाऊण गाडी चालवून राहिलो होतो आणि गाडी हळू म्हणून तिलाच शिव्या घालून राहिलो होतो. चोक पण बघा, दोरी सोडली तरी फ्लॅप अर्धा बंदच राहते कधीकधी.

ब्रेक. गाडी जॅकवर घ्या, चारही चाकं एकेक करून हातानं फिरवा. मोकळं फिरलं पाहिजे. मग पाच सहा किलोमीटर चालवून या, थांबताना ब्रेक कमीत कमी मारा आणि उतरल्यावर प्रत्येक ड्रमजवळ हात न्या, लावू नका, जवळ न्या. एखादा बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर तिथं ब्रेक धरून बसला आहे. व्हील सिलिंडरचं रबर फुगलेलं असते, नाहीतर ब्रेकची रबरी नळी आतून बंद झालेली असते, नाहीतर हॅन्डब्रेकची केबल गंजून अडकते. ब्रेक लावून गाडी पळवली तर कोणती पळेल.

इग्निशन हा या गाड्यांचा सगळ्यात मोठा आजार, आणि सगळ्यात स्वस्त. डिस्ट्रिब्युटरमधले ठिणगीचे पॉइंट काळे पडलेले, कंडेन्सर मेलेला, टायमिंग अंदाजानं लावलेलं. आपल्याकडं गॅप हॅकसॉ ब्लेडच्या पात्यानं लावतात, चालते तसं पण, पण फिलर गेज काही महाग येत नाही, ते घ्या आणि मॅन्युअलमध्ये दिलेला गॅप ठेवा. व्हॅक्यूम अॅडव्हान्स, म्हणजे इंजिनच्या ओढीनं टायमिंग पुढं सरकवणारी डबी, कोणीच पाहात नाही. त्याची नळी कार्बोरेटरकडून काढून तोंडानं ओढा, डिस्ट्रिब्युटरच्या आतली प्लेट हलली आणि जीभ लावून धरल्यावर तिथंच थांबली तर डायफ्राम चांगला, नाहीतर फाटला. फाटला असेल तर सपाट रस्त्यावर गाडी जडच लागेल आणि पेट्रोल पण जास्त पिईल.

पेट्रोलचं एक नवीन झंझट आहे. २०२५ पासून पंपावर जवळजवळ सगळीकडं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळून राहिलं, आणि या गाड्यांच्या काळातल्या रबराला ते मानवत नाही. नळ्या मऊ पडतात, पेट्रोल पंपाचा डायफ्राम जाते, कार्बोरेटरच्या नीडल व्हॉल्व्हचं टोक खराब होते. शिवाय इथेनॉल पाणी ओढते, म्हणून पावसाळाभर गाडी अर्ध्या टाकीवर उभी ठेवली तर खाली पाणी साचून टाकी आतून गंजते. इंजिनचं मिक्श्चर पण थोडं लीन होते, हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडते, म्हणजे ताकद कमी आणि गर्मी जास्त. नळ्या इथेनॉल चालणाऱ्या टाका, गाडी उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट भरलेली ठेवू नका, आणि जेटिंग, म्हणजे कार्बोरेटरच्या जेटचं माप, जुन्या माणसाकडून पाहून घ्या.

एवढं सगळं झालं की मग कम्प्रेशन टेस्ट. चारही सिलिंडरचा आकडा घ्या. एकमेकात दहा पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एखादा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत घ्या. आकडा वाढला तर रिंग गेल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट. हे कळलं म्हणजे तुम्हाला मिस्त्री "इंजिन गेलं" म्हणते तेव्हा कुठं गेलं ते विचारता येते. क्लच पण पाहा, टॉप गिअरला ४० वर असताना अॅक्सिलरेटर दाबला आणि आवाज चढला पण गाडी तिथंच, तर क्लच घसरून राहिली.

आणि मोबाइलवर जीपीएस लावून खरा स्पीड पाहा. माझा काटा ६० दाखवत होता तेव्हा गाडी खरी ५० ला होती. हे सगळं झाल्यावर, इंजिनचं एक बोल्ट न उघडता, तीच गाडी जीपीएसवर ८० ला सरळ चालून राहिली. सहा महिने लागले, कारण मधात सोयाबीन काढणं आलं, मग कापूस, आणि मिस्त्रीचं पण मन असेल तसं.

इंजिन बदलायचंच असेल तरी एक पूर्ण वर्ष अशी बरी झालेली गाडी चालवा, उन्हाळा पण आणि पावसाळा पण. तोपर्यंत कटर हातात घेऊ नका.

पळवायची कुठं पण?

हा प्रश्न पुतण्याला विचारला तर तो म्हणे समृद्धी महामार्गावर. आता समृद्धी ७०१ किलोमीटरची, कारला १२० ची मर्यादा, आणि तिच्यावर सगळे १२० नं नाहीतर त्याहून जास्तच धावून राहिले. तिथं जुन्या गाडीनं ६० नं जाणं हे मागून येणाऱ्याच्या जिवावर पण उठते आणि आपल्याही. पण म्हणून गाडीला १२० ची करायची का? मागच्या एका वर्षात गाडी कुठं कुठं गेली ते एका कागदावर लिहा. आमची: बाजार, शेत, दोन तीन लग्नं, पोळ्याला मामाच्या गावाला, एकदा शेगाव. यातलं एक पण काम ६० च्या वर पळण्याचं नव्हतं. शेगावला जुन्या रस्त्यानं गेलो, मधात दोनदा चहा घेतला, काही बिघडलं नाही.

बरं, समजा पळवायचीच आहे. तर गाडी फक्त इंजिननं पळत नाही. आमच्याकडं शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, ज्यांनी पाहिला आहे, तळेगाव दशासरचा असो का कोणताही, त्यांना वेगळं सांगाची गरज नाही. नांगराच्या बैलाला महिनाभर सरकी ढेप चारली म्हणून तो पटाचा होत नाही. पाय लागतात, छाती लागते, आणि मुख्य म्हणजे धुरकऱ्याला, हाकणाऱ्याला, तो आवरता आला पाहिजे. वेग ६० वरून ९० केला म्हणजे दीडपटच झाला असं वाटते, पण थांबवायला सव्वादोन पट ताकद लागते, कारण तिथं वेगाचा वर्ग होते. आणि ती सगळी ताकद पद्मिनीच्या त्या जुन्या ड्रममध्ये गर्मी होऊन जाते. ड्रम तापले की ब्रेक मऊ पडतात, पाय खाली जाते पण गाडी थांबत नाही. मग ब्रेक बदला, मग ब्रेक बदलले म्हणून हब बदला, मग चाक बदला, मग मागचा एक्सल त्या इंजिनचा जोर सहन करत नाही म्हणून एक्सल बदला, स्टीअरिंग ढिलं म्हणून ते पण. शेवटी पद्मिनीचा पत्रा तेवढा उरते. याला मॉडिफाय करणं नाही म्हणत, दुसऱ्या गाडीला पद्मिनीचं कातडं पांघरणं म्हणतात.

कागद

इथं लोक सगळ्यात जास्त फसतात म्हणून जरा सावकाश वाचा.

आधी घरातली आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, काढा आणि तिच्यावरचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर गाडीवरच्याशी ताडून पाहा. इंजिनवरची चिकट माती डिझेलनं धुवा, नंबर नीट दिसला पाहिजे. आपल्या भागात पेट्रोलच्या कितीतरी गाड्यांमध्ये जुन्या काळात डिझेल इंजिन बसवलेलं आहे आणि आरसीवर अजून पेट्रोलच आहे. नंबर जुळला तर तुमच्याकडं मूळ गाडी आहे आणि ती गोष्ट एकदा गेली की परत येत नाही. नाही जुळला तर "ओरिजिनल ठेवायची" हा वादच अर्धा संपला, पण दुसरं लफडं सुरू झालं, ते आधी निस्तरा.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ असं म्हणते की आरसीवर कंपनीचं जे मूळ स्पेसिफिकेशन आहे त्यापेक्षा वेगळी गाडी करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं केरळच्या एका केसमध्ये हेच पक्कं केलं. आणि २०१९ च्याच दुरुस्तीत कलम १८२ए नव्यानं लिहिलं, त्यात परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. मालकाला, गॅरेजवाल्याला नाही, हे ध्यानात ठेवा, कारण गॅरेजवाला "काही होत नाही भाऊ, सगळे करून राहिले" असंच म्हणते. इंजिन बदल एकदम बंदच आहे असं नाही, पण आधी आरटीओची मंजुरी, मग काम, मग तपासणी, मग आरसीवर नवीन नोंद. उलट्या क्रमानं गेलात की अडकलात. आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाला पहिले आरसी आणि गाडी ताडून पाहील. त्या वेळी समोर कोणाचं तरी पोरगं दवाखान्यात असते आणि तुमच्या हातात क्लेम नसते.

आता व्हिंटेजचं. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं याचे वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, जी मूळ रूपात आहे आणि जिच्या चेसिस, बॉडी, इंजिनमध्ये मोठा फेरफार झालेला नाही, ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, ती १० वर्षं चालते, नंतर ५,००० मध्ये परत. नंबरमध्ये राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येते, पण ज्यांची गाडी आधीच नोंदलेली आहे त्यांना जुना नंबर ठेवता येते, म्हणजे एमएच सुरू व्हायच्या आधीचा तो तीन अक्षरी नंबर जात नाही. पण एक अट अशी आहे की या नोंदणीवर गाडी रोज चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. म्हणजे ज्याला बाजाराला जायचं आहे त्याच्यासाठी ती नाही. तुम्ही साधी आरसीच दर ५ वर्षांनी वाढवत राहू शकता. फी मात्र चढत चालली आहे, कारला ६०० होती ती एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली, आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारला १०,००० केली. वरून पर्यावरण कर वेगळा. दिल्लीत जुन्या पेट्रोल गाड्यांवर जशी वयाची बंदी आली तशी आपल्याकडं नाही, हे पण सांगतो, कारण गावात अर्धे लोक त्या भीतीनंच गाड्या भंगारात देऊन राहिले.

माझ्यासाठी निर्णय इथंच अर्धा झाला. १९७८ ची गाडी २०२८ मध्ये ५० ची होते. आज मी फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि सीटच्या मधातला पत्रा, कापली आणि दुसरं इंजिन बसवलं तर तो दरवाजा कायमचा बंद. व्हिंटेजमध्ये मला टाकायची आहे का? बहुतेक नाही. पण पुतण्याला उद्या टाकायची असेल तर? ज्याची गाडी ४५, ४८ ची झाली आहे त्यानं तर दोन चार वर्षं कळ काढलीच पाहिजे.

बिघडली तर कोण पाहील

शहरातले लोक हा विचार करत नाहीत, कारण त्यांच्या गल्लीच्या टोकाला गॅरेज असते. आपल्याकडं गाडी रात्री साडेनऊला दोन गावांच्या मधात बंद पडते. मूळ पद्मिनी असली तर कोणताही पन्नाशीच्या वरचा मिस्त्री पेचकस, तार आणि प्लग पान्यावर तिला घरी पोचवते. तो नसला तर तुम्ही स्वतः. मी दोनदा केलं आहे, एकदा तर फॅन बेल्ट तुटला तेव्हा. पण दुसऱ्या गाडीचं इंजिन, तिसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स, गॅरेजमध्येच पिळून बनवलेली वायरिंग, अशी गाडी फक्त ज्या हातानं बनवली त्याच हाताला समजते. तो माणूस दुकान बंद करून नागपूरला गेला की तुमची गाडी अनाथ. वायरिंगचा नकाशा त्याच्या डोक्यात होता. मॉडिफाय करणारच असाल तर काम सुरू व्हायच्या आधी त्याच्याकडून लिहून घ्या, कोणत्या मॉडेलचं काय टाकलं, कोणती वायर कुठं गेली, फोटोसकट.

सुट्या भागांचं म्हणाल तर पद्मिनीचे अजून मिळतात. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, पण कुर्ल्याच्या भंगार बाजारात दरवाजे, डायनॅमो, हब अजून सापडतात. अॅम्बेसेडर तर २०१४ पर्यंत बनत होती, तिची चिंताच नाही. स्टॅन्डर्ड हेरल्डवाल्यांनी मात्र जे आहे ते तेल लावून कोठीत ठेवा, तिचे भाग नवसानं मिळतात.

परत काढता येते का, हे एकच माप

मी काहीच बदललं नाही असं नाही. माप एकच ठेवलं: जे बदलू ते एका दिवसात काढून जुनं परत बसवता आलं पाहिजे, आणि त्यासाठी पत्र्याला नवीन भोक पाडायला नको.

डायनॅमो काढून अल्टरनेटर टाकला, हेडलाइटला रिले टाकले. रात्री रानडुक्कर, रोही रस्त्यावर येतात, त्या पिवळ्या दिव्यात ते बोनेटवर आल्यावरच दिसत. एलईडीचा लखलखाट टाकू नका, समोरचा आंधळा होते. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाकलं आणि पॉइंटची प्लेट तशीच कागदात गुंडाळून ठेवली. ब्रेकचं सगळं रबर नवीन, ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, रेडियल टायर. सीट बेल्टला भोक पाडावं लागलं, तिथं मी माझाच नियम मोडला, मागून लोखंडी प्लेट देऊन. पोरं बसतात गाडीत, त्याच्यावर मला वाद घालायचा नाही.

गर्मीचं मात्र जास्त करावं लागलं. आपल्याकडं मे मध्ये ४५, ४६ होते, ब्रह्मपुरी, चंद्रपूरला तर ४७ पण जाते, आणि पद्मिनीचं हेड अॅल्युमिनियमचं, एकदा उकळली की वाकते आणि गॅस्केट उडते. रेडिएटरचा कोअर नवीन टाकून घेतला, कारण जुन्यात अर्ध्या नळ्या आपल्या बोअरच्या पाण्याच्या खारानं बंद होत्या. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी टाकूच नका, कूलंट नाहीतर डिस्टिल्ड. थर्मोस्टॅट काढून फेकायची जी पद्धत आहे ती पण मला पटत नाही, हिवाळ्यात इंजिन तापतच नाही आणि पेट्रोल पिते. दुपारी गाडी बंद केली आणि परत स्टार्ट होत नाही, तर ते व्हेपर लॉक, पेट्रोल पंपातच वाफ होते. पहिले आबा पंपावर ओला फडका टाकत, पंधरा मिनिटं बाभळीखाली बसत आणि मग निघत. आता मी पेट्रोलची नळी एग्झॉस्टपासून दूर फिरवली आणि मधात पत्र्याचा आडोसा दिला. फडका अजून डिकीत असतोच.

काढलेलं प्रत्येक सामान धान्याच्या पत्र्याच्या पेटीत आहे, चिठ्ठी लावून, कोणत्या तारखेला काढलं ते लिहून.

रंगाचं एक सांगून ठेवतो. "तशीच ठेवाची" म्हणजे नवरीसारखी नटवाची असं नाही. गॅरेजवाले लगेच सगळा रंग खरवडून चकाचक करून देतो म्हणतात. जगभरच्या जुन्या गाड्यांच्या संस्थांची जी फीवा नावाची संघटना आहे तिच्या ट्यूरिन चार्टरमध्ये पण भर यावरच आहे की जे मूळ उरलं आहे ते आधी जपा, कमीत कमी बदला, आणि केलेलं लिहून ठेवा. गंज लागला तिथं थांबवा, तळाचा पत्रा सडला असेल तर तो बदला, ते आवश्यकच आहे. पण आबांनी डॅशबोर्डवर लावलेलं गजानन महाराजांचं स्टिकर, दरवाज्याच्या हाताजवळ झिजलेला रंग, हे मी कोणाला घासू देणार नाही.

मग मॉडिफाय कोणी करावं

करावं की. मी काही व्रत घेतलेलं नाही. इंजिन आधीच दुसरं आहे, आतलं काही मूळ उरलं नाही, गाडी नव्वदीतली आहे आणि तशा अजून पुष्कळ आहेत, आणि तुम्हाला रोज चालवायची आहे, तर खुशाल करा. अॅम्बेसेडरवाल्यांना तर सोपं आहे, कंपनीनंच नव्वदीच्या सुरुवातीला तिच्यात १८०० सीसीचं इसुझू पेट्रोल आणि पाच गिअर दिले होते, म्हणजे जे टाकाल ते त्याच घराण्यातलं, माउंटिंगचं, वायरिंगचं ज्ञान लोकांकडं आहे. ३७ हॉर्सपॉवरच्या डिझेलवर वैतागलेल्यानं तो रस्ता धरला तर मी त्याला दोष देणार नाही. शेतातली जीप पण तशीच, ती कामाची आहे, तिच्या अंगावर तसंही काय मूळ राहते. फक्त क्रम पाळा: पहिले आरटीओ, मग ब्रेक, मग सस्पेन्शन, सगळ्यात शेवटी इंजिन. आणि जुनं इंजिन भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. ग्रीस भरून, प्लगची भोकं बंद करून कोपऱ्यात ठेवा.

गाडी १९७० च्या आसपासची किंवा आधीची, नंबर जुळलेले, पत्रा धड, घरात तिचे कागद पहिल्यापासूनचे, तर कापू नका. स्पीड पाहिजे असेल तर त्याच पैशात दुसरी जुनी चालती कार घ्या आणि तिला पळवा.

मधातल्या गाड्या, म्हणजे माझ्यासारख्या, ना फार दुर्मिळ ना फार साध्या, त्यांचं ठरवताना घरातल्या सगळ्यांना विचारा. मी विचारलं. आई म्हणाली, "आवाज बदलू नका तेवढा, तुमचे आबा आले की फाटकापासूनच समजे." बायकोला सीट पाहिजेत नवीन. मुलीला फक्त हॉर्न आवडते. पुतण्या एकटाच इंजिनवर अडलेला होता, त्याला म्हटलं एक वर्ष तू चालव, मग बोलू.

वर्षभर त्यानंच चालवली, सुट्टीत आला की. गिअर स्टीअरिंगवर असतो ते पहिले त्याला जमत नव्हतं, आता एका हातानं टाकते. पुण्याला मित्रांना त्या पेटीतल्या चिठ्ठ्यांचे फोटो दाखवते म्हणे. या हंगामात परत त्याच चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, कापसाच्या ट्रॅक्टरला त्यानं मागं टाकलं आणि घरी येऊन दोन दिवस सगळ्यांना सांगून राहिला. मी बाजूला बसलेलो होतो. ट्रॉली रिकामी होती, ते त्यानं कोणाला सांगितलं नाही आणि मी पण नाही.